आर्केडिया: कवींनी स्वर्ग केलेला ग्रीसचा खडतर डोंगराळ प्रदेश

'आर्केडिया' हे नाव आपल्याकडेही इमारतींच्या पाट्यांवर दिसतं. अर्थ काय, तर निसर्गरम्य, सुखाची जागा. पण खरा आर्केडिया तसा होता का?

नेमका कुठे आहे?

ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीज हे द्वीपकल्प आहे. त्याच्या मधोमध असलेला डोंगराळ भाग म्हणजे प्राचीन आर्केडिया. डोंगर चुनखडीचे, त्यामुळे पाणी जमिनीतल्या विवरांमध्ये गडप होतं. विवरं तुंबली की खोऱ्यात पाणी साचतं. शेतजमीन कमी, म्हणून अनेक लोक मेंढपाळ होते. काही जण परक्या सैन्यात पगारी सैनिक म्हणून जायचे.

देवही मेंढपाळांचा

इथला लाडका देव म्हणजे पॅन. त्याला बोकडाचे पाय आणि शिंगं, हातात पावा. कॅलिस्टोची कथाही इथलीच. झ्यूसपासून तिला आर्कस नावाचा मुलगा झाला आणि त्याच्यावरूनच प्रदेशाला नाव मिळालं, असं ग्रीक मानत. पुढे कॅलिस्टोचं अस्वल झालं आणि झ्यूसने तिला आकाशात नेलं. आपले सप्तर्षी याच अस्वलाच्या तारकासमूहात येतात.

लांडगा झालेला राजा

लायकेऑन राजाने झ्यूसची परीक्षा घ्यायला त्याला माणसाचं मांस वाढलं. संतापलेल्या झ्यूसने त्याला लांडगा बनवलं. लायकेऑन पर्वतावर नरबळी दिला जातो, असंही प्राचीन लेखक सांगत. २०१६ मध्ये तिथल्या झ्यूसच्या वेदीच्या राखेत सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा एका किशोरवयीन मुलाचा सांगाडा सापडला. त्यामुळे खळबळ उडाली, पण तो नरबळीच होता हे सिद्ध झालेलं नाही.

मग स्वर्ग कसा झाला?

याचं मोठं श्रेय रोमन कवी व्हर्जिलला जातं. इ. स. पू. पहिल्या शतकात त्याने आपल्या कवितांमधल्या गाणाऱ्या मेंढपाळांसाठी आर्केडिया निवडला. पुढे युरोपातल्या कवींनी आणि चित्रकारांनी तीच प्रतिमा उचलली.

पण व्हर्जिलच्या आधी शंभरेक वर्षं, आर्केडियातच जन्मलेल्या पॉलिबियस या इतिहासकाराने वेगळंच लिहून ठेवलं होतं. इथली हवा थंड आणि उदास, कष्ट फार. माणसांची मनं कठोर होऊ नयेत म्हणून पूर्वजांनी मुलांना लहानपणापासून संगीत शिकवायची प्रथा पाडली, असं तो सांगतो.

म्हणजे आर्केडियात गाणं होतंच. पण पॉलिबियसच्या मते ते सुखातून आलेलं नव्हतं, खडतर जगण्यावरचा तो उपाय होता.