बे-लीफ या कृषकगृहाचा कालनिर्णय

पोथीचा काळ केवळ अक्षराच्या वळणावरून ठरवूं नये, असें आम्ही पोथ्या जमविणारे नेहमीं म्हणतों. घरांविषयींहि हाच नियम पाळणें अवश्य आहे, हें इंग्लंडांतील एका खेड्यांतल्या घराच्या उदाहरणानें दाखविण्याचें योजिलें आहे.

बे-लीफ नांवाचें हें घर केंट परगण्यांत चिडिंगस्टन गांवच्या हद्दींत होतें. बाउ बीच येथील जलाशयाच्या योजनेंत तें सांपडल्यामुळें १९६८-६९ च्या सुमारास त्याचा सांधा न् सांधा सुटा करण्यांत आला, व पुढें पश्चिम ससेक्समध्यें सिंगलटन येथील जुन्या इमारतींच्या संग्रहालयांत तें पुनः उभें करण्यांत आलें.

या जातीच्या घरांस 'वील्डन' घरें म्हणतात. सांगाडा ओकच्या लांकडाचा. मधल्या जागा कुडानें व लिंपणानें भरलेल्या. मध्यभागीं दोन खणांचें दालन असून तें जमिनीपासून छपरापर्यंत मोकळें आहे. त्याच्या दोहों अंगांस दुमजली भाग असून, त्यांचे वरचे मजले खालच्या भिंतींच्या पुढें आलेले आहेत. सर्वांवर छप्पर मात्र एकच. त्यामुळें दालनाची दर्शनी भिंत वळचणीखालीं आंत गेलेली दिसते. दालनांत धुरांडें नाहीं. चूल जमिनीच्या मध्यावर पेटे, व धूर छपरांतून वाट काढी. खिडक्यांस कांच नाहीं. लांकडी उभे गज व झडपा आहेत. दालनाच्या एका टोंकास अन्नपेयांच्या दोन कोठड्या, तर दुसऱ्या टोंकास यजमानाची खोली व तिच्यावर शयनगृह आहे.

ही रचना इतकी एकसंध आहे कीं, सर्व घर एकाच वेळीं उभारलें असें पाहणारा निःशंकपणें म्हणेल. परंतु लांकडांतील वार्षिक वलयांची साक्ष निराळी पडली. दालन व कोठड्यांची बाजू इ. स. १४०५ ते १४३० च्या दरम्यानची, आणि यजमानाची बाजू १५०५ ते १५१० ची ठरली. म्हणजे दोहोंत सुमारें शंभर वर्षांचें अंतर! लांकडावर साल शिल्लक असल्यास झाड तोडल्याचें वर्ष नेमकें मिळतें. साल जाऊन तिच्यालगतचा कोवळा थर तेवढा उरला असल्यास वर्षांची मर्यादा मिळते. ओक ताजा असतांनाच कापून वापरीत, म्हणून तोडीचा काळ तोच बहुधा बांधणीचा समजावा.

यावरून जुनी बाजू काढून सुतारांनीं नवी बाजू पूर्वीच्या घाटाशीं जुळवून बसविली, हें उघड होतें. जीर्ण पानें काढून त्याच वळणांत नवीं लिहून घातलेली पोथी ज्यानें हाताळली आहे, त्यास यांत नवल वाटणार नाहीं. रूपाची एकता ही काळाच्या एकतेचें प्रमाण नव्हे, हाच यांतील बोध.

हल्लीं हें घर सुमारें १५४० च्या स्थितींत, नव्यानें घडविलेल्या सामानासह दाखविण्यांत येतें. त्यासाठीं नंतरचे फेरफार गाळले आहेत. संपादकास एक पाठ निवडावाच लागतो, हें आम्हांस मान्य आहे. मात्र गाळलेला पाठ टीपेंत राहिला पाहिजे. घर असो वा पोथी, मागाहूनचा हात पुसण्यापूर्वीं त्याची नोंद करून ठेवणें हें संशोधकाचें पहिलें कर्तव्य होय.