घंटी कुणाची?

नोकिया ३३१० हा फोन २००० साली आला, तेव्हा त्याच्या मेनूत ‘कंपोजर’ नावाचा एक पर्याय होता. तो उघडला की आकड्यांच्या कळांवर स्वर वाजत. १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, असं करत ७ वर नी. ८ दाबून स्वर आखूड करायचा, ९ दाबून लांबवायचा, ० म्हणजे विराम, स्टारने सप्तक बदलायचं आणि हॅशने स्वर अर्ध्या पायरीने चढवायचा. पेटी शिकलेल्यांना गंमत वाटावी असा हा मामला होता. सगळा कारभार ‘पांढरी एक’मध्ये, आणि कोमल निषाद हवा असेल तर धैवत लिहून त्याला हॅश लावायचा. मींड नाही, ठेका नाही, दोन स्वर एकत्र नाहीत. सुमारे पन्नास स्वरांत गाण्याचा मुखडा कोंबायचा. तरी वहीच्या मागच्या पानावर आकड्यांच्या रांगा उतरवून घेणारी मुलं कॉलेजच्या कट्ट्याकट्ट्यावर होती, कारण फोनची घंटी आपण ठरवायची ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

त्याआधी शंभरेक वर्षं ती कुणा ग्राहकाने ठरवली नव्हती. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ च्या सुमारास विजेवर वाजणारी घंटी टेलिफोनला जोडली. मुंबईत पहिलं एक्स्चेंज सुरू झालं २८ जानेवारी १८८२ रोजी, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरच. पुढे स्वयंचलित एक्स्चेंज आली तरी घंटी वाजवणारी वीज तिथूनच यायची, आपल्याकडे ७५ व्होल्टच्या आसपास. तिची लयही तिथेच ठरायची: दोनदा ट्रिंग-ट्रिंग, मग दोन सेकंद शांतता. फोनचं यंत्रही टेलिफोन खात्याच्या मालकीचं. ग्राहकाच्या हाती होती ती फक्त यंत्राच्या तळाची चकती. ती फिरवून आवाज थोडा कमी-जास्त करता येई. चाळीत एकाच घरी फोन असे, तेव्हा ही एकसारखी घंटी सोयीचीच होती. ती वाजली की कुठे वाजली हे सगळ्या मजल्याला कळत असे.

मोबाईलच्या पोटात घंटीची धातूची वाटी बसण्याइतकी जागा नव्हती. तिथे आला छोटासा बझर, आणि बझरला कोणतीही सुरावट वाजवायला सांगता येत होती. नोकियाने १९९४ च्या २११० या फोनमध्ये स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ मधल्या ‘ग्रान वाल्स’ या रचनेतला तुकडा घातला. तारेगा १९०९ मध्येच वारले होते, म्हणजे मोबाईल सोडाच, रेडिओची बोलकी प्रसारणंही त्यांनी ऐकली नव्हती. पण त्यांचे ते तेरा स्वर जगभरच्या बसगाड्यांत आणि सभागृहांत वाजू लागले. एकाचा फोन वाजला की दहाजण खिसे चाचपत.

यावरचा उतारा आधी जपानने शोधला. १९९६ च्या मे महिन्यात एनईसीने बनवलेल्या एका फोनमध्ये तयार गाणी आली आणि सप्टेंबरात डेन्सोच्या फोनवर मालकाला स्वतःची चाल बसवता येऊ लागली. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, लोकप्रिय गाणी फोनवर कशी टिपायची हे शिकवणारं पुस्तक तिथे निघालं आणि त्याच्या ३५ लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्याच वर्षी फिनलंडमध्ये वेसा-मत्ती पानानेन यांनी ही बोटमोडही वाचवली. रेडिओलिन्या कंपनीच्या ग्राहकाने एसएमएस पाठवायचा आणि तयार रिंगटोन एसएमएसनेच फोनमध्ये उतरायचा. घंटी विकता येते, हे तिथे सिद्ध झालं.

भारतात तोवर मोबाईल हीच चैन होती. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल लावला. सुरुवातीचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे घंटी वाजली की नंबर बघून फोन कापणं आणि जवळच्या पीसीओवरून, म्हणजे सार्वजनिक फोनवरून, उलट फोन करणं, हा व्यवहारी शहाणपणा समजला जाई. १९९८ मध्ये नोकियाच्या ५११० या फोनवर ‘सारे जहाँ से अच्छा’ची धून आली. भारतीय बाजारासाठी खास घातलेला हा पहिला रिंगटोन. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि घंटी मनसोक्त वाजू द्यायला लोक मोकळे झाले.

मग बाजार भरला. ८८८८ सारख्या चार आकडी क्रमांकावर एसएमएस केला की गाणं यायचं आणि पैसे बॅलन्समधून कापले जायचे. एकसुरी टोनच्या जागी अनेक वाद्यांचा भास देणारे ‘पॉलिफोनिक’ टोन आले आणि त्यांच्या मागोमाग खरं ध्वनिमुद्रित गाणं वाजवणारे फोन. एअरटेलने २००२ मध्ये ए. आर. रहमान यांच्याकडून जाहिरातीसाठी जी धून करून घेतली, ती लोकांनी रिंगटोन म्हणून आपणहून लावली. तिकडे अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ने २००४ मध्ये रिंगटोनची वेगळी क्रमवारी सुरू केली. २००५ मध्ये ‘क्रेझी फ्रॉग’ या रिंगटोनवाल्या बेडकाच्या गाण्याने ‘कोल्डप्ले’सारख्या बँडला ब्रिटनच्या पहिल्या क्रमांकापासून दूर ठेवलं.

आपल्याकडे खरा पैसा मात्र दुसऱ्याच घंटीत होता. कॉलर ट्यूनची कल्पना २००२ मध्ये दक्षिण कोरियात निघाली आणि २००४ मध्ये एअरटेलच्या ‘हॅलो ट्यून्स’ने ती इथे आणली. व्यवहार मोठा विचित्र: पैसे भरणाऱ्याला गाणं ऐकू येत नाही, ऐकतो तो फोन करणारा. महिन्याला तीस रुपये भाडं, वर प्रत्येक गाण्याचे पंधरा. गणपतीत आरती, लग्नसराईत सनई, निवडणुकीत पक्षाचं गाणं. फोन उशिरा उचलला तरी समोरचा रागवायचा नाही, उलट ‘गाणं पूर्ण ऐकू दिलं नाहीस’ म्हणायचा.

सीडीचा धंदा बसत असताना संगीत कंपन्यांना हे उत्पन्न आधार वाटलं. साहजिकच प्रश्न आला की यात गीतकार-संगीतकारांचा वाटा किती? चित्रपटाच्या गाण्याचे हक्क त्यांच्याकडून बहुधा एकरकमी घेतले जात. गीतकार आणि तेव्हाचे राज्यसभा सदस्य जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला आणि २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने नियम बदलला. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर, त्यात रिंगटोन आणि कॉलर ट्यूनही आले, गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क कायम राहील आणि तो विकून टाकता येणार नाही. धंद्याला उतार मात्र दुसऱ्याच नियमाने लागला. न मागता ट्यून लागली, पैसे कापले गेले, अशा तक्रारींचा पाऊस पडत होता. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने जुलै २०१३ मध्ये सांगितलं की ग्राहकाने दुसऱ्यांदा स्पष्ट होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही. २०१६ मध्ये जिओ आलं आणि ट्यून फुकटच मिळू लागली.

घंटीची दुसरी बाजारपेठ केव्हाच जवळजवळ फुकटात शिरली होती. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या होत्या. वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी, त्यातलं कुठलंही रिंगटोन. मोठ्या स्पीकरांचे ‘चायना मोबाईल’ याच काळातले. त्यांचा आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाई. ज्या फोनना आयएमईआय हा ओळखक्रमांक नव्हता ते १ डिसेंबर २००९ पासून सरकारने बंद करायला लावले, तेव्हा यातले बरेच गप्प झाले. आणि मग आपल्या नावाचे रिंगटोन: ‘अमुकराव, कृपया फोन उचला’ असं यंत्राच्या आवाजात विनवणारे. नाव कितीही भारदस्त असो, उच्चार ठरलेला.

स्मार्टफोनने यातली मेहनत जवळजवळ संपवली. अ‍ॅपलने २००७ मध्ये आधी विकत घेतलेल्या गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा रिंगटोन करायला आणखी ९९ सेंट मागितले, त्यावर बरीच टीका झाली. अँड्रॉइडवर एमपीथ्री फाइल ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्ये टाकली की झालं. साहेबांसाठी एक सूर, घरच्यांसाठी दुसरा, बँकेच्या मेसेजला तिसरा, असं वाटणं सोपं झालं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने प्रत्येक अ‍ॅपमधल्या सूचनांचे प्रकार पाडून प्रत्येकाला वेगळा आवाज देण्याची सोय केली. पण ही सेटिंग इतकी आत दडलेली की बहुतेक फोन कंपनीच्या मूळ ‘टुंग’वरच राहतात. आणि ते ‘टुंग’ही ऐकू येऊ नये म्हणून फोन व्हायब्रेटवर जातो.

नाट्यगृहात मात्र तो नेमका व्हायब्रेटवर जात नाही. जुलै २०१९ मध्ये नाशिकला प्रेक्षकांतला फोन वाजत राहिल्याने अभिनेते सुमीत राघवन यांनी ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’ या नाटकाचा प्रयोग मध्येच थांबवला. त्याच महिन्यात सुबोध भावे यांनी, हे असंच चाललं तर नाटकात काम करणं सोडेन, असं जाहीर केलं. नाट्यगृहांत जॅमर बसवावेत का, यावर मुंबई महापालिकेतही चर्चा झाली. घंटी आपली असली तरी कान सगळ्यांचे असतात, ही तक्रार पीसीओच्या काळात कुणाला करावी लागली नव्हती.

मार्च २०२० मध्ये सरकारनेच देशभरच्या फोनवर एक ट्यून लावली. ती खोकल्याने सुरू व्हायची आणि मग कोरोनाची सूचना यायची. पुढे त्याच जागी अमिताभ बच्चन यांचा आवाज आला, त्यानंतर लसीकरणाचा संदेश. मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विचारलं की लसच पुरेशी नसताना लस घ्या असं लोकांना किती दिवस ऐकवणार?

आज चहाच्या टपरीवर सर्वांत जास्त ऐकू येणारा सूचनेचा आवाज फोनमधून येतच नाही. पेटीएमने २०१९ मध्ये ‘साउंडबॉक्स’ ही डबी आणली आणि मग इतर कंपन्यांनीही. कारण गिऱ्हाईक कोड स्कॅन करून खोटा स्क्रीनशॉट दाखवू लागलं होतं, आणि उकळत्या दुधावरची नजर काढून फोन बघायला टपरीवाल्याला वेळ नव्हता. आता किती रुपये आले हे डबी मोठ्याने सांगते, मराठीतही. भाषा दुकानदार निवडतो. बोलणारा आवाज आणि वाक्य कंपनी ठरवते, आणि बहुतेक डब्यांना दरमहा भाडं पडतं.