पायाळूचा पाय आणि भाऊजींची फळी

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले. त्यामुळे रोह्याला लहानपणी माझ्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. आभाळ गडगडू लागले की आई मला ओटीवर येऊ देत नसे (पायाळूवर वीज पडते म्हणे!), आणि आळीत कुणाच्या कंबरेत उसण भरली की मला बोलावणे येई. आषाढात तर विचारूच नका. दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या बायका संध्याकाळी आमच्या ओटीवर पालथ्या पडत आणि मी सात-आठ वर्षांची पोर त्यांच्या कंबरेला पाय लावी. दोन-चार दिवसांत त्या पुन्हा शेतात. श्रेय अर्थातच माझ्या पायाला!

लग्न होऊन पेणला आले तोवर मी बी.ए. झाले होते, शाळेत शिकवत होते. या सगळ्याची लाज वाटू लागली होती. १९८३ साली माझे धाकटे दीर कंबर धरून आडवे झाले. ते गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तींचे डोळे रेखायचे. पाटावर मांडी घालून, मान आणि कंबर वाकवून दिवसाचे दहा-बारा तास. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू पायाळू ना? लाव की पाय." मी साफ नकार दिला. डॉक्टरांनी सांगितले, मणक्याची गादी सरकली आहे, सहा आठवडे फळीवर झोपून राहायचे. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोरी आणि पलंगाच्या पायथ्याशी लोंबणाऱ्या विटा. मी शिक्षिकेच्या शिस्तीने ते पाळून घेतले. "वहिनी, कारखान्यात नुसता डोकावून येतो," म्हणायचे. मी उठू दिले नाही.

ही फळी आली कुठून? आपल्याकडे चरकसंहितेत कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेला गृध्रसी म्हटले आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव, असे सांगतात. म्हणजे तेव्हाचा रोगी निदान चालत तरी होता! इंग्लंडात जॉन हिल्टन या शल्यविशारदाने १८६३ च्या आपल्या पुस्तकात विश्रांतीचा मोठा पुरस्कार केला. पुढे १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दाखवून दिले की दोन मणक्यांमधली गादी फाटून नसेवर दाबते आणि पायात कळ येते. शोध खरा होता. पण त्यानंतर बहुतेक प्रत्येक कंबरदुखीचा दोष गादीवर जाऊ लागला, आणि सरकलेली वस्तू हलवू नये हे कुणालाही पटण्यासारखेच.

भाऊजींच्या फळीनंतर तीनच वर्षांनी, १९८६ साली, अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस झोपायला सांगितले, दुसऱ्याला सात. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि बाकी काही बिघडले नाही. १९९५ साली हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. तिथे तर झोपून राहणारे आणि मुद्दाम व्यायाम करणारे यांच्यापेक्षा सोसेल तसे रोजचे काम चालू ठेवणारे लवकर सुधारले. त्याआधी १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली!

कारणही साधे आहे. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूच्या हाडांतून झिरपेल त्यावर ती जगते. कण्याला उभे धरतात ते पाठीचे आणि पोटाचे स्नायू. ते पडून राहिले की झपाट्याने सुकतात.

म्हणजे लावणीच्या त्या बायकांना माझ्या पायाने काही केले नव्हते. नवी उसण बहुधा आपोआपच उतरते. पण त्यांना फळीवर झोपवायला कुणी नव्हते, आणि झोपणे परवडणारेही नव्हते. त्यांच्या कष्टांचे कौतुक करावे असे यात काही नाही. त्यातल्या कितीतरी जणींना म्हातारपणी ताठ होता आले नाही.

(घरच्या मंडळींसाठी: पाय लावून घ्यायला कुणी माझ्याकडे येऊ नये. म्हातारपणी हाडे ठिसूळ असतात, मणका मोडायचा. आणि लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. मालीश नको, वाट पाहणे नको.)

भाऊजी सहा आठवड्यांनी उठले तेव्हा पोटऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या. गणपती येऊन गेले होते. पुढे त्यांनी एका दुकानात हिशेब लिहिले, पण आखणीला पुन्हा बसले नाहीत. डॉक्टरांना मी दोष देत नाही, तेव्हाची पुस्तके तेच सांगत होती. पण पहारा माझा होता.

गेल्या गणपतीत मी हे सगळे त्यांना वाचून दाखवले. शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "वहिनी, त्यापेक्षा तेव्हा पाय लावला असतात तर!" मग आरतीला उठायला त्यांनी हात पुढे केला. मी धरला.