पट्टा-करवतीचा जन्मदाखला

लाकडाच्या वखारीत दोन मोठ्या चाकांवरून सरसरत फिरणारे दातेरी पाते आपण पाहिलेले असते. हीच पट्टा-करवत, म्हणजे बँड सॉ. साधी करवत बहुधा एकाच दिशेने कापते. तिची परतीची फेरी वाया जाते. पट्टा-करवतीचे पाते सलग वळ्याचे असल्याने ती अखंड कापत राहते. ही कल्पना लंडनच्या विल्यम न्यूबेरीला सुचली आणि 1808 साली त्याने तिचे पेटंट घेतले. तरीही पुढली सुमारे चाळीस वर्षे ही करवत कारखान्यांत रुजली नाही. असे का झाले?

उत्तरासाठी एक हिशोब करू. लहान आकाराच्या बँड सॉचे पाते सुमारे 2.4 मीटर लांब असते व सेकंदाला 15 मीटर वेगाने धावते. म्हणजे तासाला 22,500 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत पाते दोन चाकांवर वाकते आणि पुन्हा सरळ होते. एका तासात 45,000 वेळा! तार वारंवार वाकवली की तुटते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. येथेही तेच घडे, आणि पट्टीची दोन टोके जोडलेल्या ठिकाणी पाते सर्वांत आधी तुटे. अडचण यंत्राच्या कल्पनेत नव्हती, सांध्यात आणि पोलादात होती.

हा सांधा टिकाऊ करण्याची पद्धत ॲन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच महिलेने शोधली आणि 1846 साली तिचे पेटंट घेतले. तिचे हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीने घेतले. कंपनीने अधिक चांगले पोलाद व त्याला पाणी देण्याची सुधारित रीत यांची जोड दिली, आणि पट्टा-करवत खऱ्या अर्थाने कामाची झाली.

युरोप-अमेरिकेत अशी जुनी यंत्रे हौसेने विकत घेऊन दुरुस्त करणारे लोक आहेत. पण नावाची पट्टी हरवलेल्या यंत्राचे वय ओळखायचे कसे? बिडाच्या सांगाड्यावर कधीकधी तारीख ओतलेली असते. ती बहुधा पेटंटची असते, यंत्र बनल्याची नव्हे. यंत्र त्या तारखेनंतरचे आहे, एवढेच तिच्यावरून ठरते. शेजारी शेजारी दोन सपाट कप्प्या, एक दांड्याला घट्ट बसवलेली व एक मोकळी फिरणारी, असतील तर हे यंत्र छताजवळच्या सामाईक दांड्यावरून पट्ट्याने चालत असणार. स्वतंत्र विजेची मोटर तिथे मागाहून आलेली असू शकते. दांडा बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या धारव्यात फिरत असेल, तर तो धातू आयझॅक बॅबिटने 1839 साली आणलेला. मात्र त्याचा वापर विसाव्या शतकातही होत राहिला. म्हणून एकाच खुणेवर विसंबता येत नाही. बदलता येणाऱ्या भागांपेक्षा ओतीव सांगाड्याची साक्ष अधिक भरवशाची. इतिहासाचा अभ्यासक जुना दस्तऐवज असाच तपासतो.

सांगाड्यावर कारखानदाराचे नाव ओतता येते. सांध्यावर मात्र नाव राहत नाही. तो घासून गुळगुळीतच करावा लागतो. म्हणूनच कदाचित क्रेपँबाईंविषयी आज फार थोडी माहिती मिळते.

आपल्या गावच्या वखारीत, यंत्र बंद असताना, विद्यार्थ्यांना अवश्य न्यावे. पट्टी, कप्पी, धारवे व ओतीव अक्षरे यांची नोंद करून यंत्राचे वय त्यांनाच तर्काने ठरवू द्यावे. जुने यंत्र भंगारात गेले, की हा पुरावाही वितळून जातो.