जत्रेतला सरबताचा पेला



माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेपाशी गोंड समाजाची जत्रा भरते, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या ओढीने छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगणातून माणसे येतात. कोणी दरेकसा स्थानकावर उतरतात, धनेगाववरून डोंगर चढतात. चढून आलेला माणूस प्रथम पाणी मागतो. म्हणून जेथे जत्रा तेथे सरबताची गाडी, हे ठरलेलेच.

१८१७ साली बंगालात जेसोरकडे पटकी उसळली आणि १८१८ मध्ये फौजांच्या वाटेने नागपुरापर्यंत आली. पुढे १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभातून यात्रेकरूंनी ती गावोगाव नेली. रोग घाणेरड्या हवेतून येतो, अशी त्या काळच्या बहुतेक विद्वानांची समजूत होती. लंडनच्या जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखवले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याच्या लिखाणातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. त्या पंपाचे पाणी आसपासच्या लहान दुकानांत फसफसणारी पूड टाकून विकले जाई, आणि त्या पेयाचे नाव होते सरबत!

मी कामगार संघटनेतला माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. मला त्या लिखाणातले दोन कारखाने विसरवत नाहीत. एका कारखान्यात सुमारे २०० कामगारांसाठी याच पंपाचे पाणी दोन पिंपांत भरून ठेवीत. त्यांपैकी १८ जण मेले. जवळच बिअरचा कारखाना होता. तेथे सत्तराहून अधिक माणसे कामाला होती. त्यांना प्यायला बिअर मिळे आणि आवारात स्वतःची विहीर होती. त्यांच्यातला एकही पटकीने मेला नाही. रस्ता एकच, मजुरीही फार वेगळी नसावी, फरक पाण्याचा.

रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तलावात पटकीचा जंतू दाखवला, तेव्हा वाद बराचसा मिटायला हवा होता. तसे लगेच झाले नाही, ते असो.

आता आपल्या गाडीकडे येऊ. लिंबाची आंबट धार जंतूंना मानवत नाही, हे खरे. पण पेलाभर पाण्यात ती पातळ होते. बर्फाने जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते थबकतात. उसाच्या कांडीवरची माती चरकातून रसात उतरते. आणि सगळे पेले एकाच बादलीत बुचकळले, तर पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातातोंडाचे शेवटच्याला पोहोचते. खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवावा, असा नियम आपल्या राज्यात २०१८ मध्ये आला, तो याच भयाने.

मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्थानकावरच्या एका सरबतवाल्याचे चित्रण लोकांनी पाहिले आणि किळस आली. मध्य रेल्वेने फलाटांवर लिंबू सरबत व काला खट्टा विकणेच बंद केले. किळस रास्त होती. परंतु बंदीने नळ लागत नाही. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा पाहा: नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना आहेत, मात्र रेल्वेची जमीन त्यातून वगळली आहे, आणि कायदा मुळात शहरांसाठी. रानातल्या जत्रेत गाडीवाला कोणाकडे दाद मागणार?

गंमत अशी की सरबतातलेच मीठ, साखर, पाणी माणूस वाचवते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पाणी मात्र स्वच्छ हवे.

एका जत्रेत मी एका सरबतवाल्या बाईंना विचारले, "बाई, पाणी कुठलं?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. म्हणाल्या, "भाऊ, नळ कुठे आहे ते तुम्ही सांगा, उद्या तिथलं आणते." मी इकडेतिकडे पाहिले. मैलभरात नळ नव्हता. पुढल्या वर्षी आम्ही चौघांनी ग्रामपंचायतीकडे टँकर आणि टीसीएल पावडरीचा अर्ज दिला. टँकर आला, पावडर दुसऱ्या दिवशी दुपारी आली.