‘मूळ’ की ‘अस्सल’? दोन स्विस चाकूंची शंभर वर्षांची चढाओढ

आजचा विषय खिशात मावणारा आहे. लाल मूठ, तिच्यावर पांढरा क्रॉस आणि आत पातं, कात्री, चिमटा, दातकोरणं. परदेशी जाऊन आलेल्या भाच्याने किंवा पुतणीने आणून दिलेला ‘स्विस नाईफ’ आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात पडलेला असेल. आज घरी गेलात की तो काढा आणि मोठ्या पात्याच्या बुडाशी काय कोरलंय ते बघा. व्हिक्टोरिनॉक्स असेल. चाकू थोडा जुना असेल, तर कदाचित वेंगरही असेल.

जवळजवळ एक शतक हे दोन कारखाने एकाच वस्तूवर हक्क सांगत होते. व्हिक्टोरिनॉक्स म्हणे, आमचा चाकू ‘ओरिजिनल’. वेंगर म्हणे, आमचा ‘जेन्युइन’. आपल्या भाषेत सांगायचं तर एक म्हणत होता मी मूळ, आणि दुसरा म्हणत होता मी अस्सल. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे विशेषणावरून भांडण चाललेलं दिसलं की आमचे कान टवकारतात. दोघंही एकाच वेळी खरं बोलत असतील का? आणि आता त्यातल्या एकाचा चाकू बाजारात उरला नाही, तर दुसऱ्याच्या ‘मूळ’ला काय अर्थ राहिला? पण अगोदर इतिहास पाहू. इतिहास न पाहता केलेलं तत्त्वज्ञान म्हणजे धार नसलेलं पातं.

एकोणिसाव्या शतकातलं स्वित्झर्लंड म्हणजे आजचा श्रीमंत देश नव्हे, हे पहिल्यांदा ध्यानात घ्या. डोंगराळ भागात पोटाला काम मिळेना म्हणून माणसं देश सोडून जात होती. अशा काळात, १८८४ साली, कार्ल एल्सेनर नावाच्या चाकू-कारागिराने श्वीत्स परगण्यातल्या इबाख गावी आपली कार्यशाळा काढली. याच सुमारास स्विस सैन्याने नवी रायफल घेतली, १८८९ सालची. ती उघडून साफ करायची तर स्क्रू ड्रायव्हर लागे. शिवाय शिधा आता पत्र्याच्या डब्यातून येऊ लागला होता. मग सैन्याने ठरवलं की शिपायाच्या खिशात असा एक घडीचा चाकू असावा की ज्यात ही सगळी कामं होतील. त्यात चार हत्यारं होती. एक पातं, एक आरी, एक डबा फोडायचं हत्यार आणि एक स्क्रू ड्रायव्हर. मूठ काळपट ओक लाकडाची. हा झाला ‘मॉडेल १८९०’.

आता गंमत बघा. स्विस सैन्याच्या या पहिल्या चाकूंची पहिली खेप आली कुठून? जर्मनीतून, झोलिंगेन शहरातून. एवढ्या संख्येने चाकू बनवून देईल असा कारखानाच स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. एल्सेनरला हे बोचलं. त्याने देशातल्या चाकू-कारागिरांचा एक संघ उभा केला आणि १८९१च्या ऑक्टोबरात सैन्याला स्विस बनावटीची पहिली खेप दिली. पण झोलिंगेनचे कारखाने यंत्रावर काम करत, त्यांचा माल स्वस्त पडे. संघातले बाकीचे एकेक करून गळाले. एल्सेनर कर्जात बुडाला, नातेवाइकांनी हात दिला म्हणून वाचला.

तेव्हा ‘मूळ’ या शब्दाची पहिली अडचण इथेच येते. मूळ म्हणजे कालक्रमाने पहिला असं मानलं, तर मूळ स्विस आर्मी चाकू जर्मन ठरतो!

एल्सेनरने यातून वाट काढली ती डोकं चालवून. शिपायाचा चाकू मजबूत होता, पण जड होता. घडीच्या चाकूत पातं उघडं राहतं किंवा मिटलेलं राहतं ते पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबामुळे. जितकी हत्यारं वाढवाल तितक्या स्प्रिंगा वाढतात, आणि चाकू जाडजूड होतो. एल्सेनरने एकाच स्प्रिंगवर दोन्ही अंगांची हत्यारं पेलली. पुढच्या बाजूला पातं, पाठीच्या बाजूला आणखी काही. सहा हत्यारं आणि स्प्रिंगा फक्त दोन. बुचं काढायचा पिळाचा स्क्रू आणि दुसरं लहान पातं, ही त्यातली नवी भर. १२ जून १८९७ रोजी त्याने या ‘ऑफिसर आणि स्पोर्ट्स’ चाकूची नोंदणी केली. आज जगभर ज्याला स्विस आर्मी नाईफ म्हणतात त्या घराण्याचा हा मूळपुरुष.

आणि हा चाकू सैन्याने कधी अधिकृतपणे दिलाच नाही! अधिकाऱ्यांना तो आवडला, ते पदरचे पैसे देऊन तो विकत घेत. म्हणजे नाव सैन्याचं, पण खर्च खाजगी. ‘स्विस आर्मी नाईफ’ हे नावसुद्धा स्विसांनी दिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी हे चाकू घरी नेले. ‘ऑफित्सीयर्समेसर’ हा जर्मन शब्द त्यांच्या जिभेवर चढेना, म्हणून त्यांनी हे सोपं नाव ठेवलं.

आता दुसरा दावेदार. देशाच्या वायव्येला, जुरा डोंगराच्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात, देलेमाँजवळच्या एका कारखान्याला १८९३ साली शिपायांच्या चाकूचं कंत्राट मिळालं. पुढे तेओदोर वेंगर या व्यवस्थापकाने तो कारखाना विकत घेतला आणि त्याला आपलं नाव दिलं. म्हणजे एक कारखाना जर्मन बोलणाऱ्या मध्य भागात, दुसरा फ्रेंच बोलणाऱ्या टोकाला. कंत्राट मात्र एकाच सरकारचं. १९०८ साली सरकारने निकाल दिला तो असा: अर्धे चाकू याने बनवायचे, अर्धे त्याने. दोन भागांत वितुष्ट येऊ नये हा त्यामागचा हेतू सांगतात.

आपण इथे जरा थांबू. हिशेबी माणूस म्हणेल, हा काय कारभार झाला? जो स्वस्तात देईल त्याला सगळं काम द्या की. पण त्या देशात भाषा चार. जुराचा मुलूख १८१५च्या व्हिएन्ना परिषदेने बर्न या जर्मनभाषक परगण्याला जोडून दिला होता, आणि तिथल्या फ्रेंचभाषकांच्या मनात ती सल होती. ती पुढे इतकी वाढली की १९७४ साली लोकांचा कौल घ्यावा लागला, आणि १९७९ साली जुरा हा स्वतंत्र परगणा जन्माला आला. भाषिक राज्यासाठी झगडून १९६० साली महाराष्ट्र मिळवलेल्या आपल्या लोकांना ही भावना फोड करून सांगायला नको. अशा देशात शिपायाच्या खिशातला चाकू अर्धा-अर्धा वाटणं हे अर्थशास्त्र नव्हतं. ते मानाचं वाटप होतं. तुम्हीही या सैन्याचे आहात, एवढं सांगायला सरकारने चाकू वापरला.

या वाटणीनंतर दोघांनी आपापली ओळख घडवली. १९०९ साली एल्सेनरची आई वारली, तेव्हा त्याने तिचं नाव ‘व्हिक्टोरिया’ आपल्या मालाला दिलं. १९२१ साली न गंजणारं पोलाद वापरात आलं. फ्रेंचमध्ये अशा पोलादाला ‘इनॉक्स’ म्हणतात. व्हिक्टोरिया अधिक इनॉक्स, झालं व्हिक्टोरिनॉक्स.

मालातला फरक म्हणाल तर तो जाणकारालाच कळावा असा. व्हिक्टोरिनॉक्सच्या मुठीवरचा क्रॉस ढालीच्या आकारात बसतो, वेंगरचा कोपरे गोल केलेल्या चौकोनात. व्हिक्टोरिनॉक्सचा नेहमीचा चाकू मिटलेला ९१ मिलिमीटर, वेंगरचा ८५. खरी चुरस होती ती कात्रीत. व्हिक्टोरिनॉक्सची कात्री एका चिमुकल्या स्प्रिंगवर उघडते. ती स्प्रिंग कधी तुटते, पण बदलता येते. वेंगरने ती नाजूक स्प्रिंग टाळून तरफेची रचना केली आणि कात्रीच्या धारेला बारीक दाते दिले, म्हणजे कापताना वस्तू निसटत नाही. वेंगर अतिरेकही करू शकत असे. त्यांनी ८७ हत्यारांचा आणि १४१ कामं करणारा एक अगडबंब चाकू काढला. तो खिशात मावत नाही, हातातही धड धरवत नाही, पण गिनीज बुकात मात्र गेला!

मग ही चढाओढ संपली कशी? ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेवर हल्ले झाले आणि विमानात चाकू नेण्यावर बंदी आली. या चाकूंचा मोठा खप विमानतळांवरच्या आणि विमानांतल्या दुकानांत होता. तो एका रात्रीत बंद पडला. व्हिक्टोरिनॉक्सने कामगारांना काढलं नाही, काहींना तात्पुरतं दुसऱ्या कारखान्यांत काम दिलं आणि दिवस काढले. वेंगर मात्र डबघाईला आला. २००५ साली व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतला. काही वर्षं दोन्ही नावं ठेवली. २०१३ साली जाहीर केलं की यापुढे चाकू एकाच नावाने निघतील. वेंगर हे नाव घड्याळांवर आणि बॅगांवर राहिलं. देलेमाँचा चाकूंचा कारखाना चालू राहिला, तिथली काही जुनी मॉडेलं ‘देलेमाँ’ या नावाखाली मिळू लागली. पण पात्यावरचं नाव गेलं.

मधल्या काळात, २००८ साली, सैन्याने शिपायांसाठी नवा चाकू निवडला. एका हाताने उघडणारा, करवत असलेला, हिरव्या-काळ्या मुठीचा. या वेळी जागतिक व्यापाराच्या नियमांमुळे परदेशी कारखान्यांनाही बोली लावायची मुभा द्यावी लागली. कंत्राट व्हिक्टोरिनॉक्सलाच मिळालं, पण नियमाच्या दृष्टीने ते चीनलाही जाऊ शकलं असतं. १८९१ आणि २००८ शेजारी ठेवून बघा. झोलिंगेनचा प्रश्न फिरून दारात येऊन उभा राहिला होता.

आता आपण आपल्या प्रश्नाकडे वळू. फ्रेंचमध्ये ‘जानोचा चाकू’ म्हणून एक वाक्प्रचार आहे. जानो आधी पातं बदलतो, मग मूठ बदलतो, आणि तरी म्हणतो चाकू तोच. आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेन हेच रथावरून समजावतो. चाकं म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सगळं एकत्र आलं की त्याला ‘रथ’ हे नाव पडतं, इतकंच. स्विस चाकूचंही तसंच. लाकूड गेलं, पोलाद बदललं, सैन्य बाजूला पडलं, नाव अमेरिकनांनी दिलं. तरी लोक म्हणतात चाकू तोच. मग ‘मूळ’पण नेमकं राहतं कुठे?

आम्हाला इथे दिङ्नागाचा अपोहवाद आठवतो. शब्दाचा अर्थ इतरांना वगळण्यातून येतो, असं तो म्हणतो. ‘गाय’ म्हणजे जे गाय-नाही ते नव्हे. हा निकष लावला तर ‘मूळ’ला अर्थ होता, कारण समोर ‘अस्सल’ उभा होता. दोघं एकमेकांना वगळत होते, त्या वगळण्यातून दोघांना अर्थ मिळत होता. वस्तुस्थितीच्या कसोटीवर दोन्ही दावे लंगडे. पण एकमेकांसमोर उभे केले की दोन्ही चालू लागत. समोरचा नाहीसा झाल्यावर ‘ओरिजिनल’ हा शब्द पेटीवर छापलेला राहतो, पण कुणाच्या तुलनेत, हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून वेंगरच्या जाण्याने एका कंपनीचा चाकू गेला, एवढंच झालं नाही. १९०८च्या त्या निकालामागे एक शहाणपण होतं. दोन भाऊबंदांत एक वस्तू वाटायची, तर कोण खरा हे ठरवायच्या भरीस पडू नये. दोघांनाही काम द्यावं, आणि भांडायचं तर चांगली कात्री कोण बनवतो यावर भांडू द्यावं. बाजाराला हे परवडत नाही. बाजार शेवटी एकालाच ठेवतो. पण ज्या देशात भाषा अनेक आहेत, तिथे राज्यकर्त्यांनी कुठल्या गोष्टी बाजारावर सोडाव्यात आणि कुठल्या अर्ध्या-अर्ध्या वाटाव्यात, हा प्रश्न चाकूपेक्षा बराच मोठा आहे. तो आपल्यालाही सुटलेला नाही.

आज इथेच थांबू. तुमच्या कपाटात वेंगर सापडला, तर त्याला तेलाचा एक थेंब द्या आणि जपून ठेवा. नमस्कार.