नाताळचे शुभेच्छापत्र : छापलेली रेषा आणि हाताने भरलेला रंग



डिसेंबरमध्ये तुमच्या वसतिगृहात एखादी मैत्रीण नाताळची कार्डे करताना तुम्ही पाहिली असेल. ती जाड कागदाची घडी घालते, रबरी शिक्का शाईच्या गादीवर दाबून तारा किंवा मेणबत्ती उमटवते आणि त्या आकृतीत रंग भरते. अशा कार्डाला आपण 'हस्तनिर्मित' म्हणतो. पण आकृतीची रेषा तिने काढलेली नसते, ती शिक्क्याची असते. मग या कार्डात हाताचे असे नेमके काय आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला १८४३ सालच्या लंडनला जावे लागेल.

१. टपाल स्वस्त झाले

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. बहुतेक वेळा तो पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले. त्याच वर्षी मे महिन्यात टपाल तिकीट आले. या सुधारणेसाठी झटणाऱ्यांत हेन्री कोल होते. पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे, ते पहिले संचालक झाले.

टपाल स्वस्त झाल्याने पत्रे वाढली, आणि सणाच्या दिवसांत सर्वांना उत्तरे लिहिणे कठीण होऊन बसले. १८४३ मध्ये कोल यांनी यावर उपाय काढला. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र करून घेतले. त्याच्या मध्यभागी तीन पिढ्यांचे कुटुंब हातात पेले घेऊन बसले आहे. दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न आणि गरिबांना वस्त्र देण्याची दृश्ये आहेत. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव लिहायला जागा कोरी ठेवली आहे. चित्रात लहान मुलाच्या ओठाला मद्याचा पेला लावलेला दिसतो, म्हणून दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी या कार्डावर टीकाही केली.

२. रंग कोणी भरला?

या कार्डाच्या सुमारे १००० प्रती शिळामुद्रणाने छापल्या गेल्या. शिळामुद्रणात गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने चित्र काढतात. दगड ओला केल्यावर कोरा भाग पाणी धरतो आणि छपाईची तेलकट शाई फक्त रेषांवर बसते. या पद्धतीने कार्डावर केवळ रेषा उमटली. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर कुंचल्याने भरला गेला. ते काम मेसन नावाच्या व्यावसायिक रंगाऱ्याने केले.

म्हणजे जगातले पहिले व्यापारी नाताळ-कार्ड छापीलही होते आणि हाताने रंगवलेलेही. रेषा यंत्राची आणि रंग हाताचा, ही विभागणी त्या मैत्रिणीच्या कार्डासारखीच आहे.

फरक आहे तो हाताला मिळणाऱ्या मोलात. कोल आणि हॉर्स्ली यांची चरित्रे आपल्याला वाचता येतात, मेसनचे मात्र बहुधा आडनावच सांगितले जाते. त्या काळातील लंडनमध्ये पुस्तकांतील चित्रे रंगवण्याचे काम अनेकदा स्त्रिया आणि मुले करत. एक जण सगळ्या प्रतींवर लाल रंग लावी, दुसरा निळा, तिसरा हिरवा. हाताने रंगवणे हे तेव्हा प्रेमाचे लक्षण नव्हते. ती मजुरी होती आणि ती किमतीत मोजली जाई. कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स होती. जे कार्ड पाठवायला एक पेनी पुरे, ते विकत घ्यायला त्याच्या बारा पट पैसे लागत. कार्ड फारसे खपले नाही, यात नवल नाही.

३. रंगही यंत्राकडे गेला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिळामुद्रण पसरले. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असतो आणि तोच कागद एकेका दगडावर अचूक जुळवून छापला जातो. जर्मनीतून बोस्टनला आलेल्या लुई प्रँग यांनी १८७० च्या दशकात या तंत्राने नाताळ-कार्डे काढली आणि अमेरिकेत ती लोकप्रिय केली. १८८० मध्ये त्यांनी कार्डांच्या चित्रांसाठी स्पर्धा घेतली. तिचे पहिले बक्षीस १००० डॉलर होते. चित्र काढणाऱ्याला मान आणि पैसा मिळू लागला, पण प्रतीमागून प्रत रंगवणाऱ्या हातांची गरज उरली नाही.

भारतातही असेच घडले. कोलकात्याच्या बटतला भागात लाकडी ठशांनी छापलेली चित्रे हाताने रंगवून विकली जात. स्वस्त रंगीत छपाईपुढे ती टिकली नाहीत. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरी लागली. त्यांच्यामागचे तंत्र प्रँग यांच्या कार्डांचेच, रंगीत शिळामुद्रणाचे होते.

४. शिक्का आणि हाताचे पुनरागमन

चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये घेतले. त्यातून पुढे रबरी शिक्का आला आणि तो दीर्घकाळ कचेऱ्यांतच राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो छंद म्हणून कार्डे करणाऱ्यांच्या हाती आला. तोवर छापील रंगीत कार्ड इतके स्वस्त झाले होते की हाताने रंग भरण्याला पुन्हा मोल आले.

या छंदातली तंत्रेही जुन्या प्रश्नांचीच उत्तरे आहेत. जलरंग भरायचे असतील तर शिक्क्याची शाई पाण्यात न विरघळणारी हवी, नाहीतर रेषा फुटते. दुसरा उपाय म्हणजे सावकाश वाळणाऱ्या शाईच्या ओल्या ठशावर बारीक भुकटी टाकायची, जास्तीची झटकायची आणि उष्णता द्यायची. भुकटी वितळून रेषा उंच होते आणि पातळ रंगाला बांधासारखी अडवते. जलरंगात आधी फिकट आणि तो वाळल्यावर गडद, असा क्रम ठेवतात, कारण कागदावर बसलेला गडद रंग सहसा मागे घेता येत नाही. तुम्ही दहा कार्डे रंगवून पाहा. शेवटचे कार्ड पहिल्यासारखे होत नाही. मग मेसनच्या १००० कार्डांची कल्पना करा.

५. समारोप

१८४३ चे कार्ड आणि आजचे हस्तनिर्मित कार्ड यांची कृती जवळपास एकच आहे, अर्थ मात्र उलटा आहे. तेव्हा हाताचा रंग ही न टाळता येणारी मजुरी होती. आज यंत्र उपलब्ध असताना कोणीतरी आपल्यासाठी वेळ दिला, याची ती खूण आहे. 'हस्तनिर्मित' या शब्दाचे मोल यंत्र आल्यानंतर वाढले, हे या इतिहासातून दिसते. मात्र या शब्दाने आजही सगळे हात सारखे मोजले जात नाहीत. दुकानातल्या 'हस्तनिर्मित' कार्डामागे पुन्हा एखादा बिननावाचा मजूर असू शकतो.

विचार करा : तुमच्या गावातील हाताने रंगवली जाणारी एक वस्तू निवडा, उदाहरणार्थ गणेशमूर्ती, पणती, खेळणे किंवा पाटी. तिची रेषा किंवा आकार कोण ठरवतो, रंग कोण भरतो, आणि नाव कोणाचे लागते, हे विचारून लिहून काढा.